गोठ्याची पेंड आणि अंगणातील हिरवळ

सोलापूर जिल्ह्याच्या काळ्या रानात ज्या एका वनस्पतीशी शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या उभे वैर धरले, तिचे नाव हरळी. जमिनीखाली खोलवर कांड्यांचे जाळे पसरून ज्वारीच्या वाट्याची ओल आणि कस आपल्याकडे ओढून घेणारे, आणि कुळवाने वरवर कापले तर तुटलेल्या प्रत्येक कांडीतून नव्याने फुटणारे हे तण मुळासकट काढण्यासाठी एकाच नांगराला बैलांच्या अनेक जोड्या जुंपून खोल नांगरट करण्याची आणि मागाहून माणसे लावून काशा वेचण्याची वहिवाट या मुलखात होती; किर्लोस्करवाडीच्या लोखंडी नांगराचे दख्खनच्या शेतकऱ्याने जे स्वागत केले, त्यातही हरळीची खोड मोडण्याची निकड होतीच. परंतु हीच हरळी गणपतीच्या मस्तकी दूर्वा म्हणून चढते, आणि होटगी रस्त्यावरील किंवा जुळे सोलापुरातील बंगल्यांच्या आवारात लॉन म्हणून रोख पैसे मोजून लावली जाते. रानात जिला उपाशी मारण्याची खटपट करायची, तिलाच अंगणात आणून पोसण्याची हौस माणसाला असते, आणि हौसेला मोल नसले तरी खताला ते असते. म्हणूनच या हिरवळीला काय खाऊ घालावे, या वरवर किरकोळ वाटणाऱ्या प्रश्नाचा विचार जरा मुळापासून करणे अगत्याचे आहे. त्याचे एक जुने आणि विश्वसनीय उत्तर पशुखाद्याच्या दुकानात पोत्यांतून भरून ठेवलेले आहे. ते म्हणजे पेंड.

मार्केट यार्डाजवळच्या किंवा तालुक्याच्या कोणत्याही बाजारपेठेतील अशा दुकानात डोकावले, तर दारातच मोकळ्या तोंडाची पोती ओळीने मांडलेली दिसतात. एकात सरकीची पेंड, जिच्यातून काळे टरफल आणि कापसाचे तंतू डोकावत असतात; दुसऱ्यात शेंगदाण्याची खापरी, जिच्या टणक वड्या गिऱ्हाइकापुढे हातोडीने फोडाव्या लागतात आणि फोडताना पिवळसर पिठाचा भुरका उडतो; पलीकडे तुरीची चुणी, मक्याची भरड, गव्हाचा भुसा, आणि सोयाबीनचे लागवडक्षेत्र वाढल्यापासून डीओसी या नावाने ओळखला जाणारा तेलरहित सोयाचुराही. सांगोला-मंगळवेढ्याकडचा खिलार बैल असो की पंढरपुरी म्हैस असो, त्यांच्या आंबोणाची बेगमी याच दुकानातून होते. जे अन्न जनावराच्या पोटात दूध आणि बळ निर्माण करते, तेच जमिनीत घातले असता गवताला हिरवेपणा का देते, हे समजण्यासाठी तेलबीच्या पोटात काय साठलेले असते, ते पाहिले पाहिजे.

शेंगदाणा, करडई, कारळे, सरकी किंवा एरंडी, कोणतीही तेलबी घेतली तरी तिच्यात दोन प्रकारचे धन असते. एक धन तेलाचे. तेल हे कार्बन, हायड्रोजन आणि प्राणवायू या तीनच मूलद्रव्यांचे बनलेले असते, आणि ही तिन्ही वनस्पतीने हवेतून व पाण्यातून, सूर्यप्रकाशाच्या साहाय्याने, मिळविलेली असतात. दुसरे धन प्रथिनांचे व खनिजांचे. त्यात नत्र, स्फुरद, पालाश, गंधक आणि अनेक सूक्ष्म द्रव्ये असतात, आणि त्यांतील फार मोठा वाटा मुळांनी जमिनीतून उचललेला असतो. घाण्यात बी घातले की तेल निथळून वेगळे होते आणि हे दुसरे धन, जवळजवळ जसेच्या तसे, पेंडेत राहते. तात्पर्य, तेल विकणारा शेतकरी आपल्या जमिनीचे काहीच विकत नाही. तो हवा, पाणी आणि ऊन विकतो. पेंड विकणारा मात्र जमीनच थोडीथोडी विकत असतो. या प्रकरणात पुढे जे सांगायचे आहे, ते सारे या एका भेदावर उभे आहे.

हा भेद हिंदुस्थानच्या शेतीच्या संदर्भात स्पष्टपणे मांडण्याचे श्रेय डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञाकडे जाते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे सल्लागार असलेले हे गृहस्थ १८८९ साली सरकारच्या आज्ञेवरून या देशात आले, इलाख्या-इलाख्यांतून हिंडले आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. तेलबिया जहाजांत भरून परदेशी पाठविणे म्हणजे देशाच्या जमिनीचा कस परदेशी पाठविणे होय, तेल येथेच गाळावे आणि पेंड येथल्या गुरांना व जमिनीला मिळावी, असा त्यांच्या प्रतिपादनाचा रोख होता. पुढे १९२६ साली नेमलेल्या शाही कृषी आयोगापुढेही निर्यातीवर बंधन घालण्याचा प्रश्न आला. पण तसे केल्यास बियांचे भाव पडून तोटा शेवटी शेतकऱ्यालाच सोसावा लागेल, या विचाराने आयोगाने १९२८ च्या अहवालात ती सूचना मान्य केली नाही. पेंडेचे मोल इतर देशांनी मात्र ओळखले होते. मांचुरियातील सोयाबीनच्या पेंडेच्या जाड चकत्या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जहाजे भरभरून जपानला जात आणि तेथील भातखाचरांत खत म्हणून पडत. इंग्लंडातील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या जगप्रसिद्ध प्रयोगक्षेत्रातही एक पट्टा दीर्घकाळ रेप या मोहरीवर्गीय बीच्या पेंडेवर आणि नंतर एरंडीच्या पेंडेवर पोसला गेला. हवेतील नत्रापासून अमोनिया बनविण्याचा कारखाना जर्मनीत १९१३ साली सुरू झाला आणि आपल्याकडे सिंद्रीचा कारखाना १९५१ साली उत्पादन देऊ लागला. तोवर विकत मिळणाऱ्या नत्राचे एक मोठे भांडार म्हणजे पेंडच होती.

सोलापूर जिल्ह्यात या भांडाराचा उपयोग कोठे झाला आणि कोठे झाला नाही, हे पाहणे उद्बोधक आहे. जिल्ह्याचा फार मोठा भाग जिराईत आणि अवर्षणप्रवण; पाऊस थोडा, त्यातही त्याचा भरवशाचा भाग सप्टेंबरात. कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी सोलापूरला १९३३ साली जे केंद्र उघडण्यात आले, त्याचा सारा भर ओल राखण्यावर होता: बांधबंदिस्ती, खोल नांगरट, विरळ पेरणी, वारंवार कुळवणी. अशा रानात महागाची पेंड घालणे म्हणजे पैसा मातीत घालणे, कारण ओल नसेल तर पेंड कुजत नाही आणि न कुजलेल्या पेंडेतील नत्र पिकाला मिळत नाही. याच्या उलट, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी माळशिरस तालुक्यात पोचले, सासवडच्या माळी बागाईतदारांनी माळीनगरास १९३२ साली साखर कारखाना स्थापिला, आणि ऊस हे त्या पट्ट्याचे मुख्य पीक झाले, तेव्हा पेंडेची पोती गाड्या भरून उसाच्या सरीत जाऊ लागली. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने तर अमोनियम सल्फेट आणि भुईमुगाची पेंड मिळून वरखत देण्याची शिफारस केली. एकाने लगेचची भूक भागावी आणि दुसरीने पुढची. अंगणातील लॉन हे वरकरणी कितीही नाजूक दिसले तरी हिशेबाने ते बागाईतच आहे, आणि बागाइताचा हा धडा त्यालाही लागू पडतो: आधी पाणी, मग पेंड.

आता पेंडेची पारख. पशुखाद्याच्या पोत्यावर खताचा दाखला नसतो, पण कच्च्या प्रथिनांचे प्रमाण बहुधा छापलेले असते, आणि त्यावरून नत्र काढण्याची रीत अगदी सोपी आहे. प्रथिनात सरासरीने शेकडा १६ भाग नत्र असतो. म्हणून प्रथिनांच्या आकड्याला ६.२५ ने भागले की नत्राचा आकडा हाती येतो. शेंगदाण्याच्या पेंडेत ४५ टक्के प्रथिने असतील तर नत्र ७.२ टक्के; सोयाचुऱ्यात ४६ टक्के असतील तर जवळजवळ ७.४, टरफलासकट दाबलेल्या सरकीच्या पेंडेत २२ ते २४ टक्के असतील तर नत्र ३.५ ते ३.८. सोललेल्या करडईच्या पेंडेत नत्र आठ टक्क्यांच्या घरात जातो, पण न सोललेल्या करडईच्या पेंडेत तो पाचाच्या आसपासच असतो. निंबोळीच्या चांगल्या पेंडेत पाच टक्के, पण निंबोळी सालीसकट दाबली असेल तर त्याहून पुष्कळच कमी. एरंडीच्या पेंडेत साडेचार-पाच टक्के आणि करंजीच्या पेंडेत चारच्या आत-बाहेर. स्फुरद आणि पालाश सर्वांतच थोडे, साधारणतः एक ते दोन टक्के. शेजारी युरियाचा ४६ टक्क्यांचा आकडा ठेवला की पेंड अगदीच दुबळी भासते. परंतु दोहोंची चाल इतकी भिन्न आहे की नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

युरियाचा नत्र चारसहा दिवसांतच विरघळून मोकळा होतो. पेंडेचा नत्र प्रथिनात बांधलेला असतो आणि तो मोकळा करण्याचे काम जमिनीतील असंख्य सूक्ष्मजीव करतात: प्रथम प्रथिनाचा अमोनिया होतो, मग एका जातीचे जीवाणू त्याचे नायट्राइट आणि दुसऱ्या जातीचे त्याचे नायट्रेट करतात, आणि हे नायट्रेट गवताची मुळे शोषून घेतात. ऊब आणि ओल असेल तर भुईमूग, करडई यांसारख्या पेंडेतील निम्माअधिक नत्र दोन-तीन महिन्यांत मोकळा होतो आणि उरलेला सावकाश होत राहतो. युरिया हे एकरकमी इनाम मानले, तर पेंड हे माहेवारी वेतन होय. त्यामुळे पेंड घातलेली हिरवळ एकाएकी भडक होऊन आठवड्यातून दोनदा कापावी लागत नाही, पातीची टोके सहसा करपत नाहीत, आणि नत्राबरोबरच सूक्ष्मजीवांना व गांडुळांनाही अन्न मिळून चिकट काळी माती हळूहळू भुसभुशीत होते. घाण्याच्या पेंडेत तेलाचा अंश शेकडा आठ-दहापर्यंत राहू शकतो, यांत्रिक दाबाच्या पेंडेत त्याहून कमी, आणि रसायनाने तेल ओढून घेतलेल्या चुऱ्यात जेमतेम एक टक्का. तेल जितके अधिक तितकी पेंड पाण्याने भिजायला आणि कुजायला अधिक वेळ घेते.

सोलापूरच्या मातीचा एक विशेष येथे ध्यानात ठेवावा लागतो. ही माती चुनखडीयुक्त आणि अल्कधर्मी असल्यामुळे पेंड नुसती पृष्ठभागावर टाकून ठेवली, तर तिच्यातून निर्माण झालेला अमोनिया मातीत मुरण्याऐवजी हवेत उडून जातो. गवतावर सकाळी घमघमणारा उग्र दर्प म्हणजे आपण मोजलेले पैसे उडून जात असल्याची खूण समजावी. म्हणून पेंड नेहमी बारीक करून, चाळलेल्या मातीत किंवा जुन्या शेणखतात मिसळून पसरावी आणि लगेच भरपूर पाणी द्यावे. दुसरी गोष्ट पिवळेपणाची. चुनखडीच्या जमिनीत कोवळी पाती शिरांमध्ये पिवळी पडतात, तो पुष्कळदा नत्राचा नव्हे तर लोहाचा अभाव असतो. लोह मातीत असूनही मुळांना मिळत नाही. अशा वेळी पेंडेवर पेंड घालीत राहण्यात अर्थ नाही. हिराकशीची सौम्य फवारणी त्यावर तत्काळ उपयोगी पडते.

मग कोणती पेंड घ्यावी? जमिनीला मिळणाऱ्या नत्राच्या दृष्टीने शेंगदाण्याची पेंड उत्तम, यात शंका नाही. परंतु दुष्काळाचा फेरा चुकत नसलेल्या जिल्ह्यात, जेथे चाऱ्याच्या टंचाईने गुरांच्या छावण्या उघडाव्या लागल्याचे दिवस लोकांच्या स्मरणात ताजे आहेत, तेथे गाईच्या तोंडचा घास शोभेच्या गवताला घालणे विवेकाला धरून नाही, आणि शास्त्रालाही नाही. जनावराने खाल्लेल्या नत्रापैकी साधारणतः पाऊण हिस्सा शेणामुतातून बाहेर पडतो. म्हणजे तीच पेंड आधी गोठ्यातून नेली तर दूध हा निव्वळ नफा होतो आणि खताचा मोठा वाटा हाती उरतोच. मात्र या नत्राचा फार मोठा भाग मूत्रात असल्यामुळे गोठ्यातील ओला काडीकचरा उकिरड्यावर उन्हात वाळविण्याऐवजी खड्ड्यात मातीआड कुजविला पाहिजे. सारांश, खाण्याजोगी पेंड गुरांची. हिरवळीने तिच्यावर हक्क सांगू नये.

हिरवळीच्या वाट्याला जे येते तेही थोडेथोडके नाही. निंबोळी, एरंडी आणि करंजी यांची पेंड गुरांना सहसा चालत नाही, ती खताचीच. निंबोळीच्या पेंडेत आणखी एक गुण असा की तिच्यातील कडू द्रव्ये अमोनियाचे नायट्रेट करणाऱ्या जीवाणूंचा वेग मंदावतात, त्यामुळे नत्र वाहून जाण्याचे प्रमाण घटते. याच गुणाच्या आधारावर २०१५ सालापासून देशातील सर्व युरियाला निंबतेलाचे आवरण देण्याचा नियम झाला. हुमणीसारख्या मूळ कुरतडणाऱ्या किडींनाही ती काहीशी रोखते. एरंडीची पेंड नत्राने चांगली, परंतु तिच्यात रिसिन नावाचे जहाल विष असते. पेंडेच्या वासाने कुत्री आकर्षित होतात आणि ती खाऊन मरतातही. ज्या घरात रांगते मूल, कुत्रे किंवा बाहेरून येऊन चरणारे जनावर असेल तेथे ती वापरूच नये, आणि वापरली तर ते गवत कापून गुरांना घालू नये. मोहाच्या पेंडेपासूनही दूर राहावे: तिच्यातील सॅपोनिन गांडुळांना व माशांना मारक असते. विलायतेत गोल्फच्या मैदानांवरून गांडुळे हुसकण्यासाठी ती मुद्दाम पसरीत आणि आपल्याकडे तळ्यातील नको असलेले मासे काढण्यासाठी वापरतात. काळ्या जमिनीत हवा खेळविणाऱ्या गांडुळाला हुसकून सोलापूरच्या माणसाला काहीच साधायचे नाही.

याखेरीज पशुखाद्याच्या दुकानातच खताचा एक उपेक्षित साठा असतो, तो म्हणजे बिघडलेला माल. पावसाळ्यात ओल लागून खापरीवर हिरवट-काळी बुरशी चढली की तिच्यात अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होण्याचा धोका असतो. ते गाईच्या पोटातून दुधात उतरते, म्हणून अशी पेंड स्वस्त मिळाली तरी गोठ्यात नेणे हा गुन्हाच समजावा. जमिनीत मात्र ती कुजून जाते आणि तिच्यातील नत्र कामी येतो. फक्त ती फोडताना व चाळताना नाकातोंडावर फडके बांधावे, कारण बुरशीची धूळ माणसालाही बाधते. न सोललेल्या करडईची पेंड हीदेखील अशीच मधल्या वर्गातली: टरफलामुळे गुरांना ती फारशी मानवत नाही, जमिनीला मात्र चालते. एके काळी ज्वारीच्या रानात पट्ट्यांनी आणि बांधाकडेने करडई सर्रास उभी असे, आणि तिच्या काट्यांनी भटकी जनावरेही दूर राहत. आता तो पेरा ओसरला आहे आणि त्याबरोबर ही पेंडही दुर्मिळ झाली आहे. अमेरिकेत मक्याचे ग्लुटेन, ज्यात सुमारे दहा टक्के नत्र असतो, हिरवळीवर टाकण्याचा प्रघात आहे, कारण ते तणांच्या उगवत्या रोपांना मुळे धरू देत नाही. परंतु ते रुजून बसलेल्या तणाचे काहीच बिघडवीत नाही, आणि नव्याने पेरलेल्या गवतालाही तितकेच मारक ठरते.

प्रमाणाचा हिशेब गुंठ्यावर करणे सोयीचे. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०१ चौरस मीटर. एवढ्या हिरवळीला एका वेळी अर्धा किलो नत्र पुरे. पाच टक्क्यांच्या निंबोळी पेंडेतून तो मिळवायचा तर १० किलो पेंड लागते, चार टक्क्यांच्या करंजी पेंडेतून साडेबारा किलो. जूनअखेर पहिला चांगला पाऊस पडून गेल्यावर एक हप्ता, सप्टेंबरच्या मध्यावर मुख्य हप्ता, आणि हवे असल्यास थंडी ओसरताना फेब्रुवारीत तिसरा. एप्रिल-मेच्या वणव्यात काहीही घालू नये. गवत आदल्या दिवशी कापलेले आणि कोरडे असावे. पेंड कुटून रव्याइतकी बारीक करावी, तिच्या दुप्पट चाळलेल्या मातीत मिसळावी, अर्धी लांबीच्या दिशेने व अर्धी रुंदीच्या दिशेने फेकावी म्हणजे पट्टे उठत नाहीत, खराट्याने हलके झाडून ती पात्यांवरून मुळाशी उतरवावी आणि मग पाणी द्यावे. ढेकूळ राहिले तर त्याखालचे गवत कोंडून जळते आणि वर मुंग्या, उंदीर व कुत्री गोळा होतात. चार-पाच दिवस वास येईल; पाहुणे यायचे असतील तर मुहूर्त पुढे ढकलावा. कापलेले गवत गोळा करून फेकून देण्याऐवजी बारीक कापून तेथेच पडू दिले, तर खताची सुमारे चौथाई गरज त्यातूनच भागते, आणि तिसरा हप्ता बहुधा लागतच नाही.

राहता राहिला पाण्याचा हिशेब, आणि सोलापुरात शेवटचा शब्द त्याचाच असतो. उन्हाळ्यात गुंठाभर हिरवळीला दिवसाला पाच मिलिमीटर पाणी द्यायचे म्हटले तरी रोज पाचशे लिटर लागतात, आणि नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात एवढी उधळपट्टी कोणत्याही खताने क्षम्य ठरत नाही. म्हणून वाचकाला सांगणे इतकेच, की हिरवळ राखायची असेल तर ती न्हाणीच्या व धुण्याच्या, फार साबण नसलेल्या पाण्यावर जगेल एवढीच राखावी, मग ती पाव गुंठा का असेना. तिला गुरांनी नाकारलेली पेंड मापून घालावी. आणि खापरीचे पोते उचलण्यापूर्वी त्याच दुकानाच्या पायरीवर पेंडेचा भाव ऐकून परत फिरणाऱ्या दूधवाल्या शेतकऱ्याचा विचार करावा. पाव गुंठ्याला अडीच किलो निंबोळी पेंड एका वेळी पुरते.